पूर्ण गाणं दिलं, तरी ते स्टेम्स का मागतात?

मालिकेतला एखादा साधा प्रसंग घ्या. आई आणि मुलगा स्वयंपाकघरात उभे आहेत, दोघंही गप्प. मागे गाणं चालू आहे: तानपुरा, तबला, व्हायोलिन आणि एका बाईचा आवाज. मग आई बोलायला लागते. त्याच क्षणी गाण्यातला आवाज विरतो, व्हायोलिन मागे सरतं, तबला-तानपुरा मात्र होते तिथंच राहतात. आईचं वाक्य संपतं आणि व्हायोलिन पुन्हा पुढे येतं. बघणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही आणि जाणवू नये म्हणूनच ते केलेलं असतं. पण हे करायचं तर मिक्सिंगला बसलेल्या माणसाचं गाण्याच्या एका फाइलवर भागत नाही. त्याला व्हायोलिन वेगळं हवं, गळा वेगळा हवा, ताल वेगळा हवा. अशा वेगळ्या काढलेल्या फायलींना या धंद्यात स्टेम्स म्हणतात.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाघोडिया रोड अशा भागांत घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटलेली बरीच मुलं आहेत. गरब्याचे अल्बम, भावगीतं, अभंग, जाहिरातींचं संगीत, सगळं तिथं होतं. आता त्यांच्या गाण्यांना मालिकावाले, गुजराती चित्रपटवाले, ओटीटीवाले विचारायला लागले आहेत. मी इथं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं काम करतो, त्यामुळे एक तक्रार वरचेवर कानावर येते. "काका, गाणं त्यांना आवडलं, रक्कमही ठरली. आता म्हणतात स्टेम्स पाठवा. अख्खं गाणं दिलंय की! सुटं कशाला द्यायचं?" या तक्रारीत थोडा कंटाळा असतो आणि थोडी भीती. दोन्ही रास्त आहेत. कंटाळ्यावर उपाय आहे तो स्टुडिओत; भीतीवरचा उपाय कागदावर.

स्टेम म्हणजे काय आणि काय नव्हे

पहिला घोळ इथंच होतो. स्टेम्स मागितले की पुष्कळजण सेशनमधले (कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड केलेल्या मूळ फाइलीतले) सगळे ट्रॅक जसेच्या तसे उचलून पाठवून देतात. समजा एका गरब्याच्या सेशनमध्ये ४६ ट्रॅक आहेत: ढोलाला चार माइक, तबल्याला दोन, मंजिरा, खंजिरी, शेकर, बास गिटार, हार्मोनियम, साधी गिटार, बासरी, व्हायोलिनचे थर, मुख्य गायिका, तिचाच दुहेरी घेतलेला आवाज आणि कोरसच्या बायकांचे डझनभर ट्रॅक. हे कच्चे ४६ ट्रॅक म्हणजे मल्टिट्रॅक. ते हातात आले तर समोरच्याला गाणं पहिल्यापासून मिक्स करावं लागेल. मालिकेच्या अंतिम मिक्सला बसलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर तुमचं गाणं त्यानं नव्यानं मिक्स करावं अशी तुमचीही इच्छा नसते.

स्टेम म्हणजे आधीच मिक्स झालेला गट. आपल्याकडची सेव-उसळ पार्सल घेतली तर उसळ, तरी, सेव, कांदा वेगवेगळ्या पुड्यांत येतो. प्रत्येक गोष्ट शिजलेली, मसाला घातलेली. घरी नेऊन ठरलेल्या प्रमाणात एकत्र केली की गाडीवरचीच चव लागते, आणि घरात लहान मूल असेल तर तरी तेवढी बाजूला ठेवता येते. मल्टिट्रॅक म्हणजे वाटाणे आणि मसाल्याचा डबा हातात देणं.

म्हणजे वरच्या ४६ ट्रॅकचे साधारण ८ स्टेम्स होतील: ढोल, बारीक तालवाद्यं, बास, हार्मोनियम-गिटार, बासरी, व्हायोलिन, मुख्य आवाज, कोरस. ढोलाचे चार माइक, त्यांचं इक्यू (खर्ज-तार पट्ट्यांचं प्रमाण), कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं), पॅनिंग (डावी-उजवी जागा), आवाजाची चढउतार, सगळं त्या एका स्टिरिओ फाइलमध्ये पक्कं झालेलं. आठही फायली एकाखाली एक लावून, एकाही फेडरला (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीला) हात न लावता वाजवल्या की तुमचंच गाणं जसंच्या तसं ऐकू यायला हवं. स्टेम्सची व्याख्या एका वाक्यात हवी असेल तर हीच घ्या.

गट पाडताना परदेशी व्हिडिओंत सांगतात तसे ड्रम्स-बास-गिटार-कीज-व्होकल्स असे साचे जसेच्या तसे वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. आपल्या संगीतात ते बसत नाहीत. त्या साच्यात तानपुरा कुठं टाकणार? कीजमध्ये टाकला तर पियानोबरोबर तोही खाली जाईल, आणि प्रसंगात अनेकदा नेमका तानपुराच शेवटपर्यंत ठेवायचा असतो. प्रसंगात वाद्याचं काम काय, यावरून गट पाडा. ताल धरणारी वाद्यं, सूर भरणारी (तानपुरा, स्वरमंडळ, पॅड) आणि सुरावट गाणारी (बासरी, व्हायोलिन, सारंगी, सतार). शेवटच्या गटातलं प्रत्येक वाद्य शक्यतो वेगळं द्या, कारण संवादाशी भांडण त्यांचंच होतं. मंजिरा आणि झांज ढोलाबरोबर एका फाइलीत बांधू नका. त्यांचा किणकिणाट नटाच्या स, श, च या व्यंजनांवर नेमका बसतो. मिक्सिंगवाला मंजिरा उतरवायला गेला की तुमचा ढोलही उतरतो आणि मग प्रसंगाचा दमच जातो.

मिक्सिंगवाल्यांचं काम चालतं कसं

बोललेला शब्द स्पष्ट कळतो तो मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातल्या आवाजामुळे. गाणाऱ्याचा गळा, व्हायोलिन, हार्मोनियम, बासरीचे वरचे स्वरांश, सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. डग्गा, ढोलाचा घुमारा, बास हे त्याच्या कितीतरी खाली असतात. संवादाला त्यांचा फारसा त्रास नाही. मिक्सिंगवाल्याकडे एकच फाइल असेल तर संवाद आला की त्याला सगळंच ६-८ डेसिबल खाली ओढावं लागतं, आणि गाणं शेजारच्या घरात वाजतंय असं वाटायला लागतं. स्टेम्स असले तर फक्त गळा काढायचा, व्हायोलिन थोडं दाबायचं, बाकीचं जिवंत राहतं. म्हणजे स्टेम्स दिल्यानं तुमच्या गाण्याची मोडतोड होते हा समज उलटा आहे. स्टेम्स नसतील तेव्हाच गाण्याचे हाल जास्त होतात.

दुसरं कारण भाषेचं. आज मालिका मराठीत बनते आणि हिंदी, तमिळ, तेलुगूतही जाते. डबिंगसाठी निर्मात्याला संवाद वगळून फक्त संगीत आणि इतर आवाजांचा वेगळा ट्रॅक द्यावा लागतो. त्याला एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स) म्हणतात. तुमच्या गाण्यात मराठी शब्द असतील तर तमिळ आवृत्तीत ते ठेवायचे की काढायचे, हे पुढे कोणीतरी ठरवणार. गळा वेगळा नसेल तर काढता येत नाही, आणि मग पूर्ण गाणंच बदललं जातं.

लांबीचाही प्रश्न असतो. प्रसंग ४७ सेकंदांचा आणि तुमचं गाणं ३ मिनिटं २० सेकंदांचं. संकलक मधला अंतरा काढतो, सुरुवातीचा तानपुरा लांबवतो, तोडल्याची जागा ढोलाच्या ठोक्याखाली लपवतो. हे सगळं स्टेम्सवर सहज होतं. इथं एक सूचना जाता जाता: गाण्याचा शेवट हळूहळू विरत जाणारा ठेवला असेल तर समेवर येऊन थांबणारा, तिहाई घेऊन (तोच तुकडा तीनदा वाजवून) संपणारा शेवटही रेकॉर्ड करून ठेवा. प्रसंग कापला जातो तिथं संगीत ठामपणे संपावं लागतं. तिहाईसारखा पक्का शेवट आपल्या परंपरेत तयार मिळतो, आणि आपण तो वापरत नाही.

चित्रपटगृहातल्या किंवा ओटीटीवरच्या सराउंड मिक्सचंही तसंच. संवाद बहुतेक वेळा मधल्या स्पीकरवर असतात. गळा मध्ये, व्हायोलिन दोन्ही बाजूंना आणि तानपुरा मागच्या स्पीकरवर पसरायचा असेल तर स्टिरिओ फाइलमधून ते नीट साधत नाही.

फायली काढताना

सगळ्या स्टेम्सची सुरुवात एकाच बिंदूपासून आणि लांबी एकसारखी. बासरी २ मिनिटं १० सेकंदांनी पहिल्यांदा वाजत असेल तर तिच्या फाइलीत आधीची २ मिनिटं १० सेकंदं शांतता असू द्या. ती कापून सुटसुटीत फाइल देणं म्हणजे समोरच्याला कोडं घालणं. शेवटीही रिव्हर्बची (आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याची) शेपटी पूर्ण विरेपर्यंत जागा ठेवा.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. ४८ का, ते हिशेबात दिसतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचा टीव्ही २५ चा. ४८,००० ला २४ नं भागलं की फ्रेममागे आवाजाचे बरोबर २००० नमुने (सेकंदाला ४८,००० वेळा घेतलेली मोजमापं) येतात, २५ नं भागलं की १९२०. सीडीच्या जमान्यातलं ४४,१०० घेतलं तर २४ फ्रेमला १८३७.५ येतात, अर्धा नमुना कुठं ठेवायचा? गाणं ४४.१ वर रेकॉर्ड झालं असेल तर शेवटी चांगल्या कन्व्हर्टरनं ४८ करा, पण सगळे स्टेम्स एकाच सेटिंगनं. ३ मिनिटं २० सेकंदांचा एक स्टिरिओ स्टेम साधारण ५८ मेगाबाइटचा होतो, आठ मिळून ४६० च्या आसपास. आजच्या इंटरनेटला हे काही ओझं नाही, त्यामुळे जागा वाचवायला एमपी३ पाठवण्याचं कारण उरत नाही. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते आणि आवाजातला काही भाग कायमचा जातो. पूर्ण गाण्यात इतर वाद्यांच्या आड ते खपून जातं. एकटी बासरी ऐकली की उघडं पडतं.

आता खरी अडचण, इफेक्ट्सची. आपण गायिका, बासरी, कोरस तिघांना बहुतेक एकाच रिव्हर्बमध्ये सोडलेलं असतं. गायिकेचा स्टेम काढताना बासरी म्यूट केली नाही तर तिचा रिव्हर्ब गायिकेच्या फाइलीत भुतासारखा वाजत राहतो. उलट रिव्हर्बचा ट्रॅक सोलो-सेफ (दुसरा ट्रॅक एकटा वाजवला तरी बंद न पडणारा) नसेल तर गायिका कोरडी ठणठणीत बाहेर येते. प्रत्येक स्टेम आपल्या वाट्याच्याच रिव्हर्बसकट निघायला हवा. काहीजण सगळे रिव्हर्ब मिळून एक वेगळा स्टेम देतात. मला ते पटत नाही, कारण गळा काढला तरी त्याची सावली मागे राहते.

साइडचेन लावलेली असेल तर जास्त सांभाळा. तिच्यात ढोलाचा ठोका पडला की बास आपोआप दबतो अशी रचना असते. बासचा स्टेम काढायला तुम्ही ढोल म्यूट करता, आता बासला दबवणारंच कोणी नाही आणि तो फुगून बाहेर येतो. म्हणून ढोलाचा सिग्नल साइडचेनला पोचत राहील पण आउटपुटला जाणार नाही, अशी जोडणी करून मग फाइल काढायची.

सगळ्यात जास्त फसवतो तो मास्टरवरचा (सगळे ट्रॅक शेवटी एकत्र होतात त्या 'मास्टर बस'वरचा) लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीपलीकडे जाऊ न देणारं साधन. पूर्ण गाणं वाजताना ढोल, बास आणि कोरस एकत्र आले की लिमिटर समजा ४ डेसिबल दाबतो. त्याच लिमिटरमधून एकटी बासरी काढली तर दाबण्यासारखं काही नसतंच, ती तशीच पुढे जाते. आठही फायली अशा काढल्या आणि एकत्र वाजवल्या की बेरीज मूळ मास्टरपेक्षा मोठी होते आणि आवाज फाटतो. साधा मार्ग असा: मास्टरचा लिमिटर काढून स्टेम्स द्या, त्याच अवस्थेतलं लिमिटर नसलेलं पूर्ण मिक्सही द्या, आणि मास्टर केलेली फाइल फक्त संदर्भासाठी सोबत जोडा. मास्टर बसवरच्या कॉम्प्रेसरचा रंग गाण्याचाच भाग असेल तर त्याच्या साइडचेनला पूर्ण मिक्स देऊन एकेक स्टेम त्यातून काढता येतो. कॉम्प्रेसरला वाटतं अख्खं गाणं चालू आहे, आणि तो तेवढंच दाबतो.

लिमिटर काढायचा म्हटलं की मुलं हिरमुसतात, गाण्याचा आवाज लहान वाटेल म्हणून. मालिकेत त्या मोठ्या आवाजाचा काहीच उपयोग नाही. स्पॉटिफाय गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा भासतो ते मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं. नेटफ्लिक्सच्या निकषात संवादाच्या आधारे मोजलेली सरासरी पातळी उणे २७ धरली आहे. तुम्ही कितीही ठासून मास्टर केलं तरी तिथला माणूस ते खालीच ओढणार, मग त्यात ठासल्याचा सपाटपणा तेवढा उरतो.

फायली निघाल्या की एक तपासणी करा. नवं रिकामं सेशन उघडा, आठही स्टेम्स लावा, नवव्या ट्रॅकवर लिमिटर नसलेलं पूर्ण मिक्स लावा आणि त्या एकाची पोलॅरिटी उलटी करा (लहरीतले चढ उतार होतात, उतार चढ). सगळं बरोबर असेल तर बेरीज शून्य होते, म्हणजे शांतता. कुठं व्हायोलिन हलकंसं ऐकू आलं तर व्हायोलिनच्या स्टेममध्ये काहीतरी राहिलंय. 'कोरस' नावाच्या किंवा टेपसारख्या, दर वेळी थोडं वेगळं वागणाऱ्या इफेक्टमुळे जराशी खसखस उरते, ती चालते. चार मिनिटांचं काम आहे, आणि पाठवल्यावर येणारे फोन वाचतात.

फाइलींची नावं रोमन लिपीत द्या, देवनागरी नावं काही यंत्रणांत चौकोन होऊन बसतात. नावात गाणं, स्टेम, लय आणि पट्टी असावी. पट्टी मात्र त्यांच्या भाषेत लिहा: 'काळी दोन' तुमच्या हार्मोनियमवाल्याला कळतं, संकलकाला 'डी शार्प' लागतं. गरबा संथ सुरू होऊन चढत जातो, तेव्हा एकच लय लिहून चालणार नाही. कुठल्या सेकंदाला लय बदलते याची छोटी टीप किंवा टेम्पो मॅपची (लयीच्या नकाशाची) मिडी फाइल जोडा. क्लिकशिवाय (लय धरायला कानात वाजणाऱ्या ठोक्याशिवाय) वाजवलेलं असेल तर तसं सांगा. ते क्लिकला बसवायच्या नादात वादनाची झिंग घालवू नका. स्टेम्सबरोबर गळा नसलेलं वाद्यमिक्स आणि फक्त मुख्य गळा काढून कोरस ठेवलेलं मिक्स, ही दोन तयार ठेवली तर निम्म्या वेळा स्टेम्स उघडायचीही गरज पडत नाही.

मैफलीत, एका खोलीत बसून घेतलेल्या रेकॉर्डिंगचं काय? गायकाच्या माइकमध्ये तबला असतोच. तिथं गळा काढला की तबलाही पोकळ होतो. अशा गाण्याला स्वच्छ स्टेम्स नाहीत, हे व्यवहार ठरण्याआधी सांगावं.

आणि हे सगळं ज्या दिवशी मिक्स संपलं त्याच दिवशी करून ठेवा. मागणी येते ती अंतिम मिक्सच्या आदल्या संध्याकाळी. तोवर तुमचा कॉम्प्युटर बदललेला असतो, दोन प्लगइनचे परवाने संपलेले असतात आणि सेशन उघडलं तरी गाणं आधीसारखं वाजत नाही. वेव्ह फाइल मात्र दहा वर्षांनीही तशीच वाजते. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी.

कागदावर काय हवं

आता भीतीकडे. गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला आपण मास्टर म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसार आपली चाल किंवा शब्द वापरून चित्रपट करू द्यायचा की नाही, हा हक्क संगीतकार-गीतकाराचा. त्याची परवानगी म्हणजे सिंक परवाना. ध्वनिमुद्रण वापरायला त्याच्या मालकाची वेगळी परवानगी लागते. स्टेम्स हे ध्वनिमुद्रणाचे तुकडे आहेत, म्हणून ते देण्याचा अधिकार मास्टरच्या मालकाचा. कायदा ध्वनिमुद्रणाचा निर्माता मानतो तो पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला. गाण्याचा खर्च एखाद्या कंपनीनं किंवा मंडळानं केला असेल तर हार्ड डिस्क तुमच्या कपाटात आहे एवढ्यानं मास्टर तुमचं होत नाही, आणि त्यांना न विचारता स्टेम्स पाठवता येत नाहीत. आमच्या धंद्यातल्या लोकांनाही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पारंपरिक रचनांबद्दल तर भलतेच समज आहेत. चाल आणि शब्दांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आपल्या शेजारच्या डभोईत १८५३ साली वारलेल्या कवी दयारामांची गरबी आज कोणीही गावी. तुकोबांच्या अभंगाचंही तेच. पण त्या अभंगाला गेल्या शतकात कोणी लावलेली, सगळ्यांच्या तोंडी बसलेली चाल मोकळी असेलच असं नाही. शब्द संतांचे म्हणून गाणं 'पारंपरिक' लिहून मोकळे होणारे नंतर नोटिशीला उत्तर देत बसतात. चाल तुमची स्वतःची असेल तर प्रश्न नाही.

वादकांकडून रेकॉर्डिंगच्या दिवशीच लेखी संमती घ्या. कलाकाराचा आपल्या वादनावर स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. पूर्ण गाण्यात व्हायोलिन इतरांत मिसळलेलं असतं. स्टेममध्ये एका माणसाचं वादन उघडं, एकटं, उचलून दुसरीकडे लावता येईल असं असतं. त्या संमतीत 'वेगळ्या फायलींच्या रूपातही' एवढे शब्द असावेत. मानधनाचं पाकीट हातात देताना एक पान सही करून घ्यायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी आपल्याकडे ओशाळायला होतं, "दादांना कागद कसा पुढे करायचा?" दादांना कागदाचं वाईट वाटत नाही, कळवलं नाही याचं वाटतं.

लूप-पॅकचा (आधीच वाजवून ठेवलेल्या, विकत मिळणाऱ्या तुकड्यांच्या संचाचा) मुद्दा सहज निसटतो. विकत घेतलेला शेकरचा लूप गाण्यात वापरायला परवानगी असते, पण बहुतेक परवान्यांत तो लूप सुटा, एकटा दुसऱ्याला देऊ नये अशी अट असते. तुमच्या 'बारीक तालवाद्यं' या स्टेममध्ये नुसता तो लूपच असेल तर तुम्ही नकळत नेमकं तेच करताय. दुसऱ्या वाद्याबरोबर मिसळा, किंवा खरा शेकर वाजवून घ्या. बडोद्यात वाजवणाऱ्यांचा तुटवडा नाही.

करारात स्टेम्ससाठी वेगळी ओळ हवीच. स्टेम्स फक्त या मालिकेच्या किंवा चित्रपटाच्या संकलनासाठी, मिक्ससाठी आणि डबिंगसाठी. त्यातून नवं गाणं, रिमिक्स किंवा दुसऱ्या कामासाठी लूप काढता येणार नाही. मिक्सिंग स्टुडिओ सोडून तिसऱ्याला देता येणार नाहीत. आवाजाची नक्कल करणाऱ्या किंवा संगीत बनवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायला वापरता येणार नाहीत. काम संपल्यावर पुसायचे. ट्रेलर आणि जाहिरातीत वापर होणार असेल तर तो वेगळा लिहा, त्याचे पैसे वेगळे. मुदत आणि प्रदेश कोरा सोडू नका: हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत, आणि परवान्यांनाही हेच नियम लावले आहेत. 'सर्व माध्यमं, संपूर्ण विश्व, कायमस्वरूपी' असं छापलेला मसुदा आला तर घाबरू नका, रागावूही नका. तो त्यांचा नेहमीचा मसुदा असतो आणि बोललं की बऱ्याचदा बदलतो.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून बाकीच्या वापरांच्या रॉयल्टीत समान वाटा मिळतो. हा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. वारसाला किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. पण हे पैसे पोचायला क्यू शीट लागतं: कुठलं संगीत, कोणाचं, किती सेकंद, पार्श्वभूमीला की पडद्यावर. स्टेम्स पाठवताना त्याच फोल्डरमध्ये एका पानावर गीतकार, संगीतकार, गायक आणि मास्टरचा मालक यांची नावं आणि आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा) टाका. नाहीतर क्यू शीट भरणारा मुलगा मालिकेच्या घाईत 'स्टॉक म्युझिक' लिहून पुढे जातो.

सेशनच उरलं नसेल तर

१८८६ साली सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, आणि इथल्या दरबारात फैयाज खाँसाहेब गायले. त्यांच्या जुन्या तबकड्यांत गळा, साथ आणि ठेका एकाच खाचेत आहे. सुटं असं काही कधी नव्हतंच. आता कॉम्प्युटर असा एकजीव आवाजही पुष्कळ अंशी वेगळा करतो. डीझर कंपनीनं २०१९ मध्ये स्प्लीटर हे साधन सगळ्यांना मोफत खुलं केलं, मेटाचं डेमुक्स आलं, आणि २०२३ मध्ये बीटल्सचं नवं गाणं निघालं तेव्हा जॉन लेननचा आवाज पियानोसकट घेतलेल्या एका जुन्या कॅसेटमधून असाच सोडवला होता.

पण ही साधनं बहुतेक गळा, ड्रम्स, बास आणि 'बाकीचं' असे चार भाग पाडतात. आपली बासरी, सारंगी, हार्मोनियम, तानपुरा सगळे 'बाकीच्या'त कोंबले जातात. डग्ग्याची घुम कधी बासमध्ये जाते, चाट ड्रम्समध्ये, म्हणजे एकाच तबल्याचे दोन तुकडे. गळ्याच्या फाइलीत सारंगी धूसर वाजत राहते, कारण सारंगी गळ्यामागूनच चालते आणि यंत्राला दोन्ही एकच वाटतात. संवादाखाली गळा जरा उतरवण्याइतकं हे काम देतं. एकटी सारंगी ऐकवायची असेल तर नाही.

त्यामुळे सेशन गेलेल्या गाण्याला अशी फाइल द्यायला हरकत नाही, फक्त नावातच 'वेगळं काढलेलं, मूळ स्टेम नव्हे' असं लिहा आणि ईमेलमध्येही सांगा. हक्काचा प्रश्न यानं सुटत नाही. मास्टर दुसऱ्याचं असेल तर यंत्रानं वेगळा केलेला गळाही दुसऱ्याचाच. आणि गाणं खरंच चांगलं असेल, गायिका अजून गात असेल आणि करारात नवं रेकॉर्डिंग करायला मनाई नसेल, तर दोन दिवस स्टुडिओ घेऊन नव्यानं रेकॉर्ड करणं पुष्कळदा स्वस्त पडतं. त्या नव्या मास्टरचे मालक तुम्ही, आणि स्टेम्स त्याच संध्याकाळी काढून ठेवता येतात.